राणी ओरेलाची पाठ

ये गं गार्गी, जरा जवळ ये. पुण्यात बसून जेवढं जवळ येता येईल तेवढी तरी ये, आणि तो फोन आधी पालथा घालून ठेव. वाचता वाचता मध्येच त्याच्याकडे बघितलंस तर मला इथं धुळ्यात कळेल. रागावलेय मी तुझ्यावर. गोष्टीतल्या पात्रांसारखे कपडे घालून मिरवायचा तुमचा तो मेळा भरतो, त्यात तू कुठल्याशा परदेशी कादंबरीतली राणी झालीस, नोकरी सांभाळून महिनोन्‌महिने खपून स्वतःच्या हातानं तिचा गाऊन शिवलास, आणि आम्हाला काय मिळालं, तर एक फोटो. त्याच्याखाली लिहिलंस, 'आत्याआजी, तुम्हाला दोघींना नाही कळायचं हे, पण छान दिसतेय ना?' नाही कळायचं म्हणे! तुझ्या आजीला, म्हणजे माझ्या सुमनवहिनीला, मी तो फोटो दाखवला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, फोन पार नाकाशी नेला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "पुढून चांगली दिसस. मांगून कशी शे?" मी म्हटलं, पाठीमागचा फोटो पोरीनं धाडलाच नाही. तर तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवून दिला आणि शेंगा सोलायला लागली. तू म्हणशील, म्हातारीला काय पडलंय मागचं? तेच सांगायला बसलेय. तुझ्या आजीनं एकदा एका राणीचा झगा शिवला होता, आणि तो अंगावर घालून मी उभी राहिले होते.

आमचं घर तेव्हा जुन्या जळगावात होतं. पुढं एक खोली, मागं एक खोली, त्यामागं शेणानं सारवलेलं अंगण आणि वर पत्रे. नाना, म्हणजे माझे वडील, डाळ मिलमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या भुवया, कानाच्या पाळ्या, सदऱ्याच्या घड्या सगळं पिवळं असायचं, तुरीच्या डाळीचा कोंडा. मिल गल्लीच्या तोंडाशीच होती. दिवसभर तिची घरघर चालायची, इतकी सवयीची की ती ऐकूच यायची नाही. दुपारच्या सुट्टीत मिल थांबली की मात्र कानात काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटायचं आणि त्या रिकाम्या वेळात आमच्या अंगणात बाया जमायच्या. कोणी उडीद पाखडायला आणायची, कोणी ज्वारीचे बिबडे, आपले पापडच ते, वाळत घालून राखण करायला बसायची. आई मधोमध, पाटावर. आणि मी, बेबी, खाटेवर बसून साप्ताहिकातली गोष्ट मोठ्यानं वाचायची.

ते साप्ताहिक यायचं कमलकडे. कमल माझी वर्गमैत्रीण, तिच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. मूळचे राजस्थानातले जैन लोक, पण कमलच्या आजोबांचाही जन्म जळगावातलाच. तिच्या आईला सगळी गल्ली काकीसा म्हणायची. काकीसा साप्ताहिक आधी स्वतः वाचायच्या, मग कमलच्या हाती आमच्याकडे धाडायच्या आणि वाचनाला परत स्वतःही येऊन बसायच्या, पुढचं माहीत असून तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत. अशी बाई विरळा. त्यात तेव्हा एक क्रमशः गोष्ट चालू होती, दूर समुद्रातल्या बेटावरच्या राणी ओरेलाची. त्या बेटावर गोड्या पाण्याचं एकच तळं, आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना ते हवं असतं. दरबारी मंडळी फितूर होतात, पण ओरेला काही केल्या तळं देत नाही. आमच्या आईला ओरेला पसंत नव्हती. "नवरा कुठाय तिचा? आधी ते वाच," म्हणायची. "नवरा नाहीये गं आई, ती एकटीच राणी आहे." "म्हणून तर सगळे टपलेत व माय." असं म्हणायची आणि पुढचं वाचायला उशीर झाला तर मलाच ओरडायची.

वहिनी या मैफलीत नसायची. म्हणजे असायची, पण दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून, हातात काहीतरी शिवण घेऊन. ती शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडात अहिराणीशिवाय दुसरं काही नव्हतं. नवी नवरी नळावर गेली, हंडा रिकामा घेऊन परतली आणि आईला म्हणाली, "आत्याबाई, बठ्ठं पानी सरी गयं." एवढंच. पण ते नळावरच्या बायांनी ऐकलं आणि मग कितीतरी दिवस गल्लीत कोणाचं तेल संपलं, मीठ संपलं, की कोणीतरी म्हणायचं, "बठ्ठं सरी गयं गं," आणि हसायचं. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. पण वहिनीनं तेव्हापासून बोलणंच बंद केलं. हो, नाही, वाढू का, एवढ्या तीन-चार शब्दांवर तिनं आमच्या घरात वर्षं काढली. दादा गरीब स्वभावाचा, त्याला वाटायचं, बायको शांत आहे, बरं आहे. मी तिच्याजवळ झोपायचे, तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढले, पण तिचं हसणं कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ओरेलावर नाटक करायचं ठरलं. नाटक बसवणाऱ्या बाई नव्या होत्या, उत्साही, त्यांनी स्वतःच गोष्टीवरून प्रवेश लिहून काढले. वाचून वाचून माझा आवाज तयार झालेला, म्हणून मला ओरेला केलं. मी घरापर्यंत पळत आले. पण बाईंनी एक अट घातली होती, आणि ती सगळ्यांनाच होती: पोशाख ज्याचा त्यानं आणायचा. राणीला पायघोळ, घेरदार झगा पाहिजे. रंगीत तालमीच्या दिवशी तो अंगावर नसेल तर ओरेलाचं काम विजयाला. विजयाचा मामा मुंबईला होता आणि तो हवा तसा गाऊन भाड्यानं आणून देणार होता, असं ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगत होती.

गाऊन आम्ही कोणी पाहिला होता? आत्तासारखं नव्हतं, की बोटानं काच घासली की जगातले सगळे गाऊन पुढं हजर. साप्ताहिकात चित्र यायचं ते नुसत्या चेहऱ्याचं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं कानाला हात लावला, लेंगे आणि शाळेचे स्कर्ट यापलीकडे आपण जात नाही म्हणाला. आई म्हणाली, "नऊवारीत नेस की. आपल्या राण्या काय झगे घालायच्या?" नाना म्हणाले, "पुढच्या वर्षी कर नाटक." पुढच्या वर्षापर्यंत शाळाच संपणार होती माझी. मी ताटावरून उठले. तेव्हा चुलीपाशी बसलेली वहिनी, तव्यावरची भाकरी न उलटता, म्हणाली, "मी करी देखू का?"

मिल थांबल्यावर व्हायचं ना, तसं झालं. आई म्हणाली, "तू?" वहिनीनं मान हलवली. भाकरी करपली त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी तिनं मला अंगणात बसवलं आणि झग्याचा उल्लेख असलेला उतारा वाचायला लावला. परत वाच म्हणाली. परत वाच. 'ओरेलाच्या झग्याला सांजवेळच्या तळ्याचा रंग होता. ती सिंहासनावर बसली की ते तळं पायऱ्या उतरून लोकांच्या पायांपर्यंत येई.' एवढंच वाक्य. मग तिनं प्रश्न विचारले, आणि काय प्रश्न गं ते! बाही केवढी, गळा कसला, असलं काही नाही. ओरेला दरबारात कोणाकडे बघत बसते? तिला भीती वाटते का? वाटते, तर ती कुठं लपवते, हातात की मानेत? मी तिला मला सुचतील ती उत्तरं देत होते आणि ती रांगोळीचा डबा घेऊन सारवलेल्या जमिनीवर एकेक रेघ ओढत होती. पुसायची, ओढायची. दुपार टळेपर्यंत अंगणात माझ्याएवढी एक बाई बसलेली होती, मान ताठ, आणि तिच्या मांडीवरून घड्याच घड्या जमिनीवर ओघळलेल्या. नीळ चिमटीनं भुरभुरवून तिनं रंगसुद्धा भरला. आई घरात जायला निघाली ती त्या रेघांवर पाय पडू नये म्हणून भिंतीकडेनं गेली. मी पाहिलं ते.

कापड कुठून आणायचं, हा प्रश्न वहिनीला पडलाच नाही, कारण तिच्या माहेरी तो कधी पडत नसे. तुला कानबाई ठाऊक आहे. पण पुण्यात वाढलीस, म्हणून सांगते. श्रावणात आमच्याकडे नारळाला देवीचा मुखवटा, नथ, दागिने घालून चौरंगावर बसवतात. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, आणि देवीची आरास करायला घराघरांतून बाया आपापल्या चांगल्या साड्या देतात. त्या साड्यांना कात्री लावायची नाही. घड्या पाडायच्या, चुण्या धरायच्या, आणि सगळं कच्च्या टाक्यानं, एकाच लांब धाग्यात ओवून टाचायचं. विसर्जन झालं की धाग्याचं टोक धरून ओढायचं. सर्रकन टाका सुटतो, साड्या मोकळ्या होतात, ज्याची त्याला परत. वहिनीच्या गावात ती आरास तीच करायची, लहान होती तेव्हापासून. तिनं ओरेलाला कानबाईसारखी नटवायची ठरवली.

काकीसांनी दोन साड्या दिल्या, एक मोरपिशी, एक फिकट निळी, जवळजवळ पाण्याच्या रंगाची. आईनं आपलं गर्द निळं जरीकाठी पातळ पेटीतून काढलं, परत ठेवलं, परत काढलं आणि वहिनीच्या हातात देताना म्हणाली, "एक भोक पडलं तर बघ." काकीसांच्या दुकानातल्या पांढऱ्या तुकड्यांची वहिनीनं घट्ट चोळी बेतली, बाह्यांना जुन्या मच्छरदाणीची जाळी दुमडून फुगे काढले. ती तेवढी कमलकडच्या हातमशीनवर शिवली. घेर उभा राहायला हवा, तर तिनं गव्हाचा चीक काढला, कुरडयांना काढतो तसा, आणि माझे सगळे परकर त्यात बुडवून वाळवले. ते परकर असे ताठ झाले की मी आत नसतानाही अंगणात उभे राहत. आई भर थंडीत गव्हाच्या नासाडीवरून बडबडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परकरांना मुंग्या लागल्या तेव्हा जास्तच बडबडली. वहिनी एकेक परकर झटकत, तोंडात पदर धरून उभी होती. हसत होती की काय, मला नक्की कळलं नाही.

मग माझ्या कमरेला तिनं जाड कापडाचा पट्टा नाड्यानं बांधला, मला पाटांच्या उतरंडीवर बसवलं आणि त्या पट्ट्यावर तीन साड्या टाचायला घेतल्या. तिच्या हाताकडे बघत राहावं! चुणी पडायची ती नुसती पडायची नाही, वळून, थोडी थांबून, पुढचीवर टेकायची. वर गर्द, मग मोरपिशी, मग अगदी पायाशी ते पाण्यासारखं फिकट. आज इतकी वर्षं झाली, दुकानांतून, टीव्हीवर, लग्नांतून हजार घागरे मी पाहिले. त्या हातांची चुणी मला परत दिसली नाही. काम झालं तेव्हा बाया समोर बसल्या होत्या, उडदाची सुपं तशीच मांडीवर. काकीसा उठल्या, पुढं आल्या आणि जिथं साडी संपून जमीन सुरू होत होती तिथं, पाण्यात हात घालावा तसा, त्यांनी हात ठेवला. आई म्हणाली, "उठू नको बेबे. अशीच बस." आणि मीठ-मोहरी आणायला आत गेली.

रंगीत तालमीला काकीसांच्या टांग्यातून आम्ही झगा नेला. मी सिंहासनावर बसले, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीवर, आणि पहिला प्रवेश झाला. बाई स्वतः पुढं येऊन बघून गेल्या, त्यांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. मग शेवटचा प्रवेश आला. त्यात ओरेला तळं लोकांच्या हवाली करते, मुकुट काढून ठेवते आणि बेट सोडून जाते, मागं वळून न बघता. मी उठले, मुकुट ठेवला, वळले आणि चालायला लागले.

आणि हशा पिकला. इतका की पेटीवाले सर वाजवायचे थांबले. मला कळेना. मग विजया म्हणाली, "पुढून राणी, मागून घडवंची!" घडवंची म्हणजे हंडे ठेवायचा लाकडी घोडा. मागं काहीच नव्हतं गं. चिकानं ताठलेला परकर, त्याला न सुटलेली एक मुंगी, पट्ट्याचा नाडा, टाक्यांची टोकं, आणि उघडी पाठ. बाई हसल्या नाहीत. पण त्या म्हणाल्या, "बेबी, शेवट म्हणजे पाठच आहे या नाटकाची. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते कर. नाहीतर मला विजयाच्या मामाचा गाऊन मागवावा लागेल." त्यांचं बरोबरच होतं.

मी घरी येऊन अंगणात बसकण मारली आणि रडत रडत वहिनीला सांगितलं. तिनं ऐकलं आणि एकदम हसायला लागली. मोठ्यानं, मान मागं टाकून. आई बाहेर आली, शेजारची भिंतीवरून डोकावली. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं हसून हसून. "अवं, कानबाईनी पाठ कोन देखस?" ती म्हणाली. कानबाई भिंतीला टेकून बसते. तिच्या मागं जाऊन कोण बघतंय? जन्मभर तिनं जिची आरास केली ती देवी कधी उठून चालली नव्हती. आणि आम्ही सगळ्या जणी, आई, काकीसा, मी, गल्लीतल्या शहाण्या बाया, कोणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही की राणी उभी राहील. आम्ही सगळ्या समोर बसून दर्शन घेत होतो! मग आईसुद्धा हसायला लागली. मी एकटीच रडत राहिले.

हसणं थांबल्यावर वहिनीनं मला शेवटचा प्रवेश वाचायला लावला. ओरेला जाते तेव्हा कोण कोण असतं? सगळं बेट. तिचं तोंड त्यांना दिसतं का? नाही, ती वळून बघत नाही. "मंग लोकेस्ले तिनी पाठच ध्यानमा ऱ्हाई," ती म्हणाली, आता अजिबात न हसता. मग सांगितलं, की ती माहेराहून निघाली तेव्हा बैलगाडीत पुढं तोंड करून बसली होती, मागं बघशील तर जाता यायचं नाही असं तिला कोणीतरी बजावलं होतं. म्हणजे तिच्या आईलाही तिची पाठच दिसली असणार, गाडी नदीत उतरेपर्यंत. एवढं सलग बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होते. बोलता बोलता तिनं माझ्या कमरेचा नाडा सैल केला, दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि सगळा घेर, तळ्यासकट, माझ्याभोवती गरकन फिरवून पाठीमागं नेला.

झालं! पहिल्या प्रवेशात घेर पुढं, शेवटच्या प्रवेशाआधी नाडा सोडून मागं. पण मग पुढून परकर दिसणार. मी शेवटच्या प्रवेशात लोकांकडे तोंड करून इतकी वाक्यं बोलायची होती, त्याचं काय? वहिनी म्हणाली, तोंड करूच नको. पडदा उघडल्यापासून पाठमोरीच उभी राहा. मी म्हटलं, असं नसतं नाटकात, बाई ऐकायच्या नाहीत. "मी येस," ती म्हणाली. मी येते.

आईच्या हातातलं सूप खाली आलं. "शाळेत? अगं, तिथं तू काय बोलणार सुमन? पोरी हसतील."

"हासू द्या, आत्याबाई."

मी ते अजून ऐकते, गार्गी. काही माणसांचं मोठेपण एखाद्या दिवशी, एवढ्याशा शब्दांत बाहेर येतं आणि आपण तिथं असतो हे आपलं नशीब. डोक्यावर पदर घेऊन, माझा हात धरून ती शाळेच्या सभागृहात आली. पोरी होत्याच. वहिनी बाईंपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, शेवटले तिले पाठमोरीच उभी करा." झालं, मागच्या बाकावर खुसखुस सुरू. वहिनीचा हात माझ्या हातात घामेजला, पण आवाज तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "अहो, पाठ करून बोललं तर लोकांना चेहरा कसा दिसेल?" तेव्हा तुझी आजी म्हणाली, "आम्ही दिवसभर पाठ करीसनच काम करतस. चूल्हाकडे तोंड, घरकडे पाठ. तरी घरना मानसेस्ले समजस, आज सुमन खूस शे का रडस."

बाई म्हणाल्या, "परत सांगा. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण मला ऐकायचंय." वहिनीनं परत सांगितलं, सावकाश. खुसखुस थांबली होती. बाईंनी मला रंगमंचावर पाठ करून उभं केलं आणि त्या पार शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मी सगळी वाक्यं मागच्या पडद्याकडे बघून बोलले. चेहऱ्याला काही काम नाही म्हटल्यावर सगळं मानेत आणि खांद्यांत उतरलं. वाक्यं संपली तेव्हा बाई तिथूनच ओरडल्या, "असंच! अस्संच करायचं!" आणि पळत येऊन त्यांनी वहिनीचे दोन्ही हात धरले. फितूर प्रधानाचं काम करणारी विजया माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला तर बाई मागून बघूनच कसंतरी झालं." तिचंही मन मोठं होतं हो. उगाच तिला नावं ठेवू नये.

संमेलनाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली आली. नाना कोंडा झटकून, धुतला सदरा घालून पहिल्या रांगेत; आई आणि काकीसा शेजारी शेजारी. काकीसा सूर्य मावळायच्या आत जेवून, घाईघाईनं आलेल्या. वहिनी विंगेत होती, माझ्या पायांशी बसून. मध्यंतरात तिनं पट्टा फिरवला, चोळीची उघडी पाठ उरलेल्या पांढऱ्या तुकड्यांनी झाकली, घड्या लावल्या आणि म्हणाली, "चाल. मांगे देखू नको." शेवटचा पडदा उघडला. मला समोर फक्त काळा पडदा दिसत होता. मागं माणसांचा श्वास ऐकू येत होता. मी बोलले, मुकुट ठेवला, आणि मागच्या उंचवट्यावरच्या पायऱ्या चढायला लागले.

तेवढ्यात मला कमरेशी काहीतरी हलल्याचं जाणवलं. एक बारीक सर्रकन आवाज. टाका सुटला! पण मागं बघायचं नव्हतं. मी एक पायरी चढले, आणखी एक. मागून एकदम सगळ्या सभागृहातून असा आवाज आला जसा काही सगळ्यांनी मिळून एकच श्वास आत घेतला. मी चालत राहिले, दिसेनाशी झाले, आणि मगच वळून पाहिलं. वहिनी विंगेत धाग्याचं टोक हातात धरून उभी होती. तिनं तो ओढला होता. चुणीमागून चुणी सुटत गेली होती आणि तीन साड्या, गर्द, मोरपिशी, फिकट, पायऱ्यांवरून उलगडत जाऊन सगळ्या रंगमंचावर पसरल्या होत्या. ओरेला निघून गेली आणि तळं तेवढं मागं राहिलं होतं, दिव्यांत हलत. गोष्टीत ते असं लिहिलेलंच नव्हतं, गार्गी. ते तुझ्या आजीनं लिहिलं. नंतर मी तिला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुझ्या पाठीला कळलं असतं.

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही, मी विंगेत तिच्या गळ्यात पडून रडत होते. बाईंनी तिला हाताला धरून पुढं नेलं. लाजून पळेल असं मला वाटलं. नाही पळाली. उभी राहिली, पदर सावरला आणि लोकांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी साड्या धुऊन, घड्या घालून परत गेल्या, एका भोकाविना. नळावर आमच्या आईला बाया विचारायला लागल्या, तर आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "शिरपूरकडची आहे आमची सून. त्यांच्यात अशाच असतात." आणि दुपारी, मिल थांबल्यावर, आईनं आपल्या शेजारी पाट मांडला आणि दाराकडे बघून हाक मारली, "सुमन, बाहेर ये गं. तिथनं बोललेलं ऐकू येत नाही."

ती बाहेर आली, ती आजतागायत बोलतेच आहे. दादाची बदली झाली तसे ते धुळ्याला आले, मीही लग्न होऊन इथंच, देवपुरात. रोज दुपारी मी तिच्याकडे जाते. ती अहिराणीत सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत. शेजारणीचं, पेपरातलं, सातपुड्यातल्या तिच्या आजोळचं, जे आठवेल ते. अलीकडे मला कमी ऐकू येतं, तर ती आवाज चढवते. एकटीनं ऐकायला मी पुरत नाही आता. भरताची वांगी बाजारात आली आहेत, थंडी छान पडलीये, तुला कळण्याची भाकरी ती स्वतः थापून घालणार आहे असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. चार दिवस सवड काढ बाई, आणि लवकर ये.